गवताची गंजी, ग्रेलॉक डोंगर आणि आपलं नगर : विल्यम्स कॉलेजची गोष्ट

रानजाई

मुलगी विल्यम्स कॉलेजात जाणार असं ठरलं तेव्हा आमच्या दोन्हीकडच्या नातेवाईकांत ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. "म्हणजे हार्वर्डच्या शेजारी का?" हा प्रश्न मी निदान वीस वेळा ऐकला. शेजारी नाही. राज्य तेच, मॅसॅच्युसेट्स, पण बॉस्टनपासून गाडीने तीन तास, पार वायव्येच्या कोपऱ्यात. बर्कशायरच्या डोंगरांमध्ये विल्यम्सटाउन नावाचं छोटं गाव आहे, आणि गाव म्हणजे जवळजवळ कॉलेजच. सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त असतात.

गेल्या ऑक्टोबरात मी पहिल्यांदा तिकडे गेले, आठ दिवस राहिले. परत आल्यापासून या कॉलेजविषयी जे मिळेल ते वाचते आहे. ते वाचन शेवटी माझ्या माहेरी, नगरला येऊन पोचलं. म्हणून हा धागा.

सुरुवात एका मृत्युपत्रापासून होते. ईफ्रम विल्यम्स हा वसाहतीच्या फौजेतला कर्नल. इंग्रज आणि फ्रेंचांचं युद्ध चालू होतं. मोहिमेवर जाताना ऑल्बनीला मुक्काम पडला, तिथे जुलै १७५५ मध्ये त्याने मृत्युपत्र केलं आणि ८ सप्टेंबरला लेक जॉर्जच्या लढाईत तो मारला गेला. लग्न केलेलं नव्हतं. वेस्ट हूसॅक नावाच्या वस्तीत मोफत शाळा काढण्यासाठी त्याने पैसे ठेवले होते. अटी दोन. न्यूयॉर्कशी हद्दीचा वाद चालू होता, तर गाव मॅसॅच्युसेट्समध्येच राहिलं पाहिजे. आणि गावाचं नाव विल्यम्सटाउन झालं पाहिजे. गावाने नाव बदललं, पण शाळा उघडायला १७९१ उजाडलं. मृत्युपत्रानंतर छत्तीस वर्षांनी! पहिल्या दिवसांत पंधरा मुलं होती. पुढे दोनच वर्षांत विश्वस्तांनी शाळेचं कॉलेज करून घेतलं. १७९३ ची सनद. राज्यात त्याआधीचं कॉलेज एकच, हार्वर्ड. इथली मुलं स्वतःला आजही 'ईफ' म्हणवतात ते या ईफ्रमवरून. त्याच्या अस्थी कॉलेजच्या थॉम्प्सन चॅपेलमध्ये ठेवल्या आहेत.

हे कॉलेज एकदा बंद पडायच्या बेतात होतं. गाव आडवाटेला, मुलं कमी, पैसा त्याहून कमी. १८२१ मध्ये खुद्द अध्यक्ष झेफानाया स्विफ्ट मूर यांनीच ठरवलं की इथे काही भवितव्य नाही. ते काही विद्यार्थी बरोबर घेऊन डोंगरापलीकडे गेले आणि नव्या ॲम्हर्स्ट कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. मागे राहिलेल्यांची काय अवस्था झाली असेल! त्याच वर्षी माजी विद्यार्थी एकत्र आले आणि कॉलेज टिकवायचं म्हणून त्यांनी संघ स्थापन केला. अमेरिकेतला सगळ्यात जुना माजी विद्यार्थी संघ तो हाच. नवे अध्यक्ष ग्रिफिन यांनी पंधरा वर्षं खपून पैसे उभे केले. त्यांच्या काळात, १८२८ मध्ये, बांधलेली विटांची इमारत आजही वापरात आहे.

आता 'माउंटन डे'. माझ्या नशिबाने मी तिथे असतानाच तो आला. ऑक्टोबरच्या पहिल्या तीन शुक्रवारांपैकी कुठला तरी एक, पण कुठला ते आधी कुणाला सांगत नाहीत. आभाळ बघून ठरतं. सकाळी चॅपेलच्या घंटा वाजायला लागल्या, मला वाटलं कुणाचं लग्नबिग्न असेल. तेवढ्यात लेकीचा फोन, "आई, बूट घाल. तास रद्द!" सगळं कॉलेज डोंगरावर. समोर ग्रेलॉक, ३४९१ फूट, मॅसॅच्युसेट्समधला सर्वांत उंच डोंगर. आपल्या कळसूबाईपुढे काहीच नाही, पण त्या दिवशी सगळा उतार मेपलच्या पानांनी लाल-केशरी झालेला होता. स्टोनी लेज नावाच्या कड्यावर मुलं जमली, गायनाचे गट गायले, सफरचंदाचा गोड रस आणि डोनट वाटले. मग सगळ्यांनी मिळून कॉलेजचं गीत म्हटलं. तेही डोंगरांवरचंच. वॉशिंग्टन ग्लॅडन या १८५९ च्या तुकडीतल्या विद्यार्थ्याने ते शिकत असतानाच रचलं. प्राध्यापक, स्वयंपाकघरातली माणसं, पहिल्या वर्षाची बावरलेली मुलं, सगळी एका दगडावर बसलेली. पंढरीच्या वाटेवर माणसं अशी बसतात, तसंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर फिरताना मिशन पार्क नावाच्या हिरवळीवर एक संगमरवरी खांब दिसला, वर पृथ्वीचा गोल. १८६७ मध्ये उभारलेला. गोष्ट अशी की ऑगस्ट १८०६ मध्ये इथली पाच मुलं शेतात प्रार्थनेला बसली होती. वीज कडाडायला लागली, वादळ आलं, तशी ती गवताच्या गंजीच्या आडोशाला शिरली. तिथे बोलता बोलता सॅम्युएल मिल्स म्हणाला की आपण आशियात जाऊन धर्म सांगायचा. वीस-बावीस वर्षांची मुलं! त्या बोलण्यातून चार वर्षांनी, १८१० मध्ये, अमेरिकेतली परदेशी मिशन पाठवणारी पहिली मोठी संस्था निघाली, 'अमेरिकन बोर्ड'. तिने आशियात पाठवलेल्या पहिल्या तुकडीतला गॉर्डन हॉल हा विल्यम्सचाच, १८०८ चा पदवीधर. तो फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. त्यातून उभं राहिलं अमेरिकन मराठी मिशन, आणि ते १८३१ मध्ये आलं नगरला!

मी नगरची. 'अमेरिकन मिशन' हा शब्द लहानपणापासून कानावरचा. कुणाची शाळा, कुणाचा दवाखाना, रस्ता सांगतानाची खूण. त्या शब्दाचं मूळ असं परक्या गावच्या हिरवळीवर, गुडघे दुखत असताना अचानक समोर येईल असं वाटलं नव्हतं. बराच वेळ मी तिथून हललेच नाही.

---

चिमणपाखरू

फार सुंदर लिहिलंय, ताई. एक बाळबोध प्रश्न. 'लिबरल आर्ट्स' म्हणजे आपली कला शाखा का? माझ्या भाचीला गणित आवडतं, तिला कुणीतरी हे सुचवलं तर घरच्यांनी "आर्ट्सला कशाला जायचं" म्हणून विषयच संपवला.

---

रानजाई

बाळबोध अजिबात नाही, आमच्याकडेही हाच गोंधळ होता. कला शाखेशी त्याचा संबंध नाही. गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, चित्रकलेचा इतिहास, सगळं तिथे आहे. फरक असा की पहिल्या दिवशी शाखा निवडायची नसते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मूल वेगवेगळे विषय चाखून बघतं, मग मुख्य विषय ठरवतं. माझी लेक रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकते आहे. शिवाय ही कॉलेजं प्रामुख्याने पदवीपुरतीच असतात. विल्यम्समध्ये पदव्युत्तर म्हणजे कलेचा इतिहास आणि विकासाचं अर्थशास्त्र एवढे दोनच छोटे अभ्यासक्रम. त्यामुळे प्राध्यापकांचं सगळं लक्ष या मुलांवर. सात विद्यार्थ्यांमागे साधारण एक प्राध्यापक पडतो.

तुमच्या भाचीच्या घरच्यांना सांगा, तिथे गणिताचा विभाग जोरदार आहे.

---

शिक्षकमामा

पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. एका वर्गात ऐंशी मुलं, तपासायला वह्यांचे गठ्ठे. सात मुलांमागे एक हे वाचून आत काहीतरी हललं.

ते ओंडक्याचं काय आहे? आमच्या प्राचार्यांनी एकदा भाषणात सांगितलं होतं, ओंडक्याच्या एका टोकाला शिक्षक आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी, झालं कॉलेज. ते हेच का?

---

रानजाई

मामा, हेच ते! मार्क हॉपकिन्स १८३६ ते १८७२ अशी छत्तीस वर्षं विल्यम्सचे अध्यक्ष होते. शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान स्वतः शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी जेम्स गारफिल्ड पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८७१ मध्ये न्यूयॉर्कला माजी विद्यार्थ्यांच्या जेवणात गारफिल्ड जे बोलले त्याचा आशय असा की इमारती नकोत, एका ओंडक्याच्या एका टोकाला हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला मी, एवढं मला पुरे. नेमके शब्द काय होते यावर मतभेद आहेत, पण ओंडका मात्र कॉलेजला कायमचा चिकटला.

याच गारफिल्डना २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी लागली ना, तेव्हा ते विल्यम्सच्याच समारंभाला निघाले होते. सप्टेंबरात ते गेले.

तो ओंडका आजही शिकवण्यात आहे. १९८८ पासून तिथे 'ट्युटोरियल' नावाचे वर्ग चालतात. एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी, बस्स. आठवड्याला एकाने पाच-सात पानांचा निबंध लिहायचा आणि वाचून दाखवायचा, दुसऱ्याने त्यातल्या त्रुटी काढायच्या. पुढच्या आठवड्याला उलट. लपायला जागा नाही. लेक पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली होती. आता म्हणते, आई, आपलं मत आपल्यालाच पटतंय का हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

---

खगोलवेडा

एवढं लिहिलंत आणि वेधशाळा राहिली! मार्क हॉपकिन्सचे धाकटे बंधू अल्बर्ट हॉपकिन्स तिथे खगोलशास्त्र शिकवायचे. ते स्वतः इंग्लंडला जाऊन उपकरणं घेऊन आले आणि १८३६ ते १८३८ या काळात त्यांनी दगडी वेधशाळा बांधली. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या वेधशाळांत सर्वांत जुनी तीच. जागा दोनदा बदलली, पण वास्तू टिकवली. आत आता तारांगण आणि छोटं संग्रहालय आहे.

याच अल्बर्टनी १८३५ मध्ये विद्यार्थ्यांना नोव्हा स्कोशियाच्या शोधसफरीवर नेलं. अमेरिकन कॉलेजने काढलेली ती पहिली वैज्ञानिक मोहीम समजली जाते. १८६३ मध्ये गावात त्यांनी डोंगरभटक्यांचा क्लब काढला, तोही देशातल्या पहिल्यांपैकी, आणि त्यात बायका होत्या. माउंटन डेची मुळं शोधायची तर या माणसाच्या पायांपर्यंत जावं लागेल.

आणि जे पासाकॉफ! १९७२ पासून विल्यम्सला शिकवत होते, २०२२ मध्ये गेले. सत्तरहून जास्त सूर्यग्रहणं त्यांनी पाहिली, त्यासाठी पदवीच्या मुलांना घेऊन जगभर फिरले. आमच्यासारख्या ग्रहणामागे धावणाऱ्यांना ते आजोबांसारखे होते. इतक्या लहान कॉलेजात एवढा मोठा ग्रहणतज्ज्ञ कसा, हे मला तेव्हा कोडं वाटायचं. आता अल्बर्टची गोष्ट वाचली की कोडं सुटतं.

---

हडसनकाठी

मी ऑल्बनीला राहतो, विल्यम्सटाउन तासाभरावर. दरवर्षी पानं बघायला जातो. दोन-तीन गोष्टींची भर.

माउंटन डे सलग चालत आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात अशा सुट्ट्या तीन होत्या. एक डोंगरासाठी, एक आवारातल्या वाटांवर खडी पसरण्यासाठी, एक हिवाळ्यातल्या लाकडांचा कचरा साफ करण्यासाठी. मागच्या दोन कधीच गेल्या. डोंगराचा दिवसही मधली कित्येक वर्षं बंद होता, नंतर पुन्हा सुरू केला. मला हे महत्त्वाचं वाटतं. जुनं आहे म्हणून ते टिकलेलं नाही, कुणाला तरी हवं होतं म्हणून ते परत आलं.

दुसरं, ॲम्हर्स्ट. मूर गेले तो राग दोनशे वर्षांत उतरलेला नाही, पण आता खेळात उतरवतात. १ जुलै १८५९ रोजी पिट्सफील्डला दोन्ही कॉलेजांत बेसबॉलचा सामना झाला. अमेरिकेतला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉलचा तो पहिला सामना. ॲम्हर्स्टने ७३-३२ असा जिंकला. मग बुद्धिबळाचाही सामना झाला, तोही त्यांनीच जिंकला! फुटबॉलचा सामना दर नोव्हेंबरात असतो. विल्यम्स घरच्या मैदानावर जिंकलं की खेळाडू घामेजलेले, तशाच पोशाखात स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत न्हाव्याच्या दुकानात जातात. दोन्ही बाजूंना गाव उभं असतं. मी एकदा पाहिलंय, अंगावर काटा आला होता.

मूरनी जाताना ग्रंथालयातली पुस्तकं पळवली असंही विल्यम्सवाले सांगतात. ती निव्वळ दंतकथा आहे, त्याला आधार नाही.

---

मोरपंखी

घड्याळ टाकतात ते काय असतं? माझ्या मैत्रिणीच्या मुलाने व्हिडिओ पाठवला होता, काही कळलं नाही.

---

हडसनकाठी

पदवीदानाच्या आदल्या दिवशी चॅपेलच्या मनोऱ्यावरून एक घड्याळ खाली फरसबंदीवर टाकतात. उंची साधारण ऐंशी फूट. फुटलं तर ती तुकडी भाग्याची. त्याच दिवशी भिंतीशी आयव्हीची वेलही लावतात. नारळ फोडण्यासारखंच म्हणा ना.

---

बखरवाचक

धागा उत्तम. पण गौरवाच्या भरात दुसरी बाजू राहू नये. ईफ्रम विल्यम्सकडे गुलाम माणसं होती. ती जमीन मूळची मोहिकन लोकांची. त्यांचे वंशज, स्टॉकब्रिज-मन्सी समाज, पूर्वेकडून ढकलले जात जात आज विस्कॉन्सिनमध्ये आहेत, आणि त्यांच्या जमिनी घेणाऱ्यांत खुद्द विल्यम्स घराणं होतं. कॉलेज आता हे उघडपणे मांडतं, पण त्याला अडीचशे वर्षं लागली.

कॉलेजच्या आतही दारं सहज उघडली नाहीत. पहिला काळा पदवीधर गायस चार्ल्स बोलिन, १८८९. म्हणजे सनदेनंतर ९६ वर्षांनी. एप्रिल १९६९ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी हॉपकिन्स हॉलचा ताबा घेतला तेव्हा कुठे त्यांच्या मागण्यांकडे नीट लक्ष गेलं. मुलींचंही तेच. पहिल्या वर्षाला मुली आल्या १९७१ मध्ये.

आणि मूळ लेखातल्या गंजीबद्दल एक शंका. गॉर्डन हॉल त्या पाच जणांत होता का?

---

रानजाई

नव्हता. पाच जण म्हणजे सॅम्युएल मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन. मिल्स स्वतः आशियात कधीच पोचला नाही. आफ्रिकेहून परतताना १८१८ मध्ये समुद्रावरच वारला. रिचर्ड्स सिलोनला गेला आणि तिथेच वारला. लूमिसला तर ही कल्पना तेव्हाच पटली नव्हती, त्याने त्या गंजीखालीच विरोध केला होता. हॉल त्याच वेळी त्याच कॉलेजात शिकत होता, पुढे तो या मंडळींना येऊन मिळाला.

बाकीचं तुम्ही लिहिलंत ते योग्यच आहे. मला एक जोडावंसं वाटतं. कॉलेजच्या जुन्या प्रथा फक्त जपल्या नाहीत, काही मोडल्याही. तिथे १८३३ पासून 'फ्रॅटर्निटी' होत्या, म्हणजे मुलांच्या बंद मंडळ्या. त्यांची स्वतःची मोठी घरं, कुणाला घ्यायचं ते तेच ठरवणार. एकेकाळी बहुतेक मुलं त्यांत राहायची-जेवायची, आणि ज्याला कुणी घेतलं नाही तो चार वर्षं एकटा. १९६२ मध्ये एका समितीने अहवाल दिला की राहण्या-जेवण्याची सोय ही कॉलेजची जबाबदारी, मंडळ्यांची नाही. अध्यक्ष जॉन सॉयर यांनी तो अमलात आणला. माजी विद्यार्थी खवळले, देणग्या बंद करण्याच्या धमक्या आल्या. तरी मागे हटले नाहीत. मुलींना घेण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला. मंडळ्या राहिल्या असत्या तर माझी लेक तिथे कुठे असती?

---

शिक्षकमामा

रानजाईताई, एक विचारू? राग मानू नका. ती गंजीखालची मुलं आपल्याकडे आली ती आपल्या लोकांचा धर्म खोटा आहे असं मानूनच ना? शाळा, छापखाना हे सगळं त्या हेतूच्या मागून आलेलं. त्या खांबासमोर उभं राहून तुम्हाला नेमकं काय वाटलं?

---

रानजाई

राग कसला, मामा. हाच प्रश्न मला तिथे पडला होता. हो, हेतू धर्मांतराचाच होता, ते त्यांनी कधी लपवलं नाही. हॉल आणि त्याच्या बरोबरचा मिशनरी नॉट कलकत्त्याला उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं, म्हणून ते मुंबईला आले. इथूनही घालवायची तयारी होती. खूप अर्जविनंत्या करून ते राहिले. तेरा वर्षांनी, मार्च १८२६ मध्ये, नाशिकहून परतताना हॉलला पटकी झाली आणि वाटेतल्या एका गावी देवळाच्या ओसरीत त्याने प्राण सोडला. वय एकेचाळीस. देवळाच्याच ओसरीत. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं.

तो आपल्या देवाधर्माविषयी जे मानत होता ते मला मान्य नाही. पण तो इथली भाषा शिकला, मराठीत बोलायला आणि लिहायला लागला. त्याच्या मिशनने मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार आली, लग्न न केलेली, एकटी बाई. पुढे ती नगरला आली, तिथल्या मुलींच्या शाळा तिने चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीरावांनी तिची शाळा बघितली आणि मुलींसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं. सावित्रीबाईंच्या शिक्षणाच्या गोष्टीतही नगर येतं ते तिच्यामुळे. हे दोन्ही मनात ठेवूनच मी तिथे उभी होते. एकाने दुसरं पुसलं गेलं नाही.

---

भिंगारकर

सहसा फक्त वाचतो, आज लिहितोय.

आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, महारवाड्यातलं. गावच्या शाळेच्या ओट्यावरही आमच्या पणजोबांना बसू देत नव्हते. मिशनच्या शाळेत बसू दिलं. आमच्या घरात पहिली पाटी तिथून आली. पणजोबा ख्रिस्ती झाले, त्यांचे भाऊ झाले नाहीत, पुढे त्यांच्यातले काही बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. आजही सगळे एका पंगतीला बसतो. शिक्षकमामा, तुमचा प्रश्न खरा आहे, पण त्या काळी आमच्यासाठी दुसरं दार कुणी उघडलं होतं, हेही विचारायला हवं.

आजी 'ज्ञानोदय' वाचायची. मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेलं ते पत्र. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याचे संपादक होते हे ती फार अभिमानाने सांगायची, जणू टिळक आमच्या घरचेच. त्या सगळ्याची सुरुवात गवताच्या गंजीखाली झाली हे मात्र मला आज कळलं.

---

शिक्षकमामा

भिंगारकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही. आपण लिहीत राहा.

---

टंकमुद्रा

छापखान्याचा उल्लेख झालाच आहे तर थांबवत नाही.

अमेरिकन मिशनने मुंबईत १८१७ च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली. पुढे तिथे टॉमस ग्रॅहॅम नावाचा कारागीर तयार झाला. देवनागरीचे सुबक ठसे कापणारा त्याच्यासारखा माणूस त्या काळी नव्हता. दोन मराठी माणसं त्या छापखान्याजवळ वाढली. एक गणपत कृष्णाजी. त्यांनी तिथलं काम बघून स्वतः यंत्र जमवलं, शाई केली, ठसे केले आणि पहिलं मराठी छापील पंचांग काढलं. दुसरे जावजी दादाजी. लहान वयात त्या छापखान्यात ठसे घासायच्या कामाला लागले, ग्रॅहॅमच्या हाताखाली शिकले आणि पुढे 'निर्णयसागर' उभा केला. संस्कृत काव्यं, शास्त्रं, स्तोत्रं इतकी शुद्ध आणि देखणी त्याआधी कुणी छापली नव्हती. काशीचे पंडितसुद्धा निर्णयसागरची प्रत मागायचे.

बायबल छापायला आलेल्या यंत्रापाशी शिकलेल्या हातांनी आपले ग्रंथ घरोघर पोचवले. माझ्याकडे आजोबांची निर्णयसागरची पोथी आहे. तिच्यातला एकेक 'क्ष' आणि 'ज्ञ' बघत बसावा असा आहे. आजपासून तो बघताना विल्यम्सटाउनही आठवेल.

---

चिमणपाखरू

मी एका साध्या प्रश्नासाठी आले होते आणि तासभर इथेच आहे. भाचीला सगळा धागा पाठवला. तिचा उलट प्रश्न : खर्च किती? आणि एकटं वाटत नाही का इतक्या लहान गावात?

---

रानजाई

खर्च ऐकून दचकू नका. फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर. पण तेवढे भरणारे सगळे नसतात. घरची ऐपत बघून गरजेइतकी मदत देतात, परदेशी मुलांनाही. आणि २०२२ पासून मदतीत कर्ज धरणं पूर्ण बंद केलं, मदत घेणाऱ्या मुलाने आवारात काम केलंच पाहिजे ही अटही काढली. जी मदत मिळते ती फेडायची नसते. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं कॉलेज. आम्हाला ते जमलं ते यामुळेच. अर्ज करताना उत्पन्नाची कागदपत्रं काळजीपूर्वक भरा, त्यात घाई नको.

एकटेपणाचं म्हणाल तर पहिला हिवाळा कठीण जातो, खोटं सांगणार नाही. साडेचारला अंधार, कमरेपर्यंत बर्फ. पण पहिल्या वर्षाच्या वीस-पंचवीस मुलांचा एक गट करतात, त्याला 'एंट्री' म्हणतात, आणि त्यांच्याबरोबर तिसऱ्या वर्षाची दोन मुलं राहतात. आजारी पडलं, घरची आठवण आली, परीक्षेत बिनसलं, तर आधी त्यांचं दार. ही प्रथा १९२५ पासूनची. लेकीला ताप आला तेव्हा केनियाची एक मुलगी रात्रभर उशाशी बसली होती. मी तिला भेटले तेव्हा काय बोलावं कळेना, बरोबर आणलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबाच तिच्या हातात दिला.

जानेवारीत नेहमीचे तास नसतात, महिनाभर एकच विषय. ती पद्धत १९६७ पासूनची. यंदा लेकीने लाकडी बोटी बांधायला शिकायचं ठरवलंय. रसायनशास्त्राच्या मुलीने बोट कशाला, असं तिच्या बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "म्हणूनच."

---

हडसनकाठी

रानजाई, पुढच्या ऑक्टोबरात याल तेव्हा आधी कळवा. मिशन पार्कला मी अजून गेलेलो नाही, चॅपेलवरूनच परत फिरतो. भिंगारकर आणि टंकमुद्रा, तुमच्यापैकी कुणी इकडे आलं तर आपण सगळे मिळून जाऊ. माझ्या गाडीत पाच जण बसतात.